हेडफोन : कानात काय घालता आणि किती आवाजात?

हल्ली दवाखान्यात येणाऱ्या तरुण रुग्णाचा कान तपासायचा म्हटले की आधी कानातली वस्तू काढायला सांगावी लागते. कोणाच्या गळ्यात नेकबँड, कोणाच्या कानात बिनतारी बड्स, तर कोणाच्या खिशातून लोंबणारी जुनी हँड्सफ्री. कॉलेजची मुले तर आहेतच, पण दूध घालणारे, ट्रॅक्टर चालवणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे आणि दुपारी पडल्या पडल्या कीर्तन ऐकणाऱ्या आजीबाईसुद्धा आता यात आल्या. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या आणि पाचवी-सहावीतल्या पोरांच्या कानातही ही यंत्रे गेली. शाळा पुन्हा सुरू झाल्या. यंत्रे मात्र तिथेच राहिली.

पालक विचारतात, "डॉक्टर, यातला कोणता चांगला?" दुकानदार या प्रश्नाचे उत्तर किमतीवरून देतो. वैद्यकीय उत्तर थोडे निराळे आहे. कानाला अपाय होतो तो आवाजाने, मग तो दोनशे रुपयांच्या इअरफोनमधून येवो की वीस हजारांच्या. परंतु माणूस हा आवाज नकळत किती वाढवील, हे बरेचसे हेडफोनच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून हे प्रकार कोणते आणि ते कसे चालतात, एवढे सामान्य माणसाला ठाऊक असायला हवे.

आधी कानाचे काम पाहू. बाहेरून आलेली ध्वनिलहर साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून आत जाऊन कानाच्या पडद्यावर आदळते. पडदा हलतो. त्याला चिकटलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ते हेलकावे पुढे आतल्या कानात पोचवतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. या नळीत ओळीने केसपेशी मांडलेल्या असतात. द्रवात लाट उठली की त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस वाकतात, त्यातून विजेचा अल्पसा संदेश निघतो आणि श्रवणाच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. मग आपल्याला ऐकू येते.

या केसपेशी एका कानात सुमारे पंधरा हजार असतात. आकडा मोठा वाटतो, पण डोळ्याच्या पडद्यातील पेशींशी ताडून पाहिला तर फार तुटपुंजा आहे, कारण तिथे दहा कोटींहून अधिक प्रकाशपेशी असतात. शिवाय एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते! आवाजाने बधिर झालेल्या कोंबडीला काही आठवड्यांनी पुन्हा ऐकू येऊ लागते, हे शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. ती सोय निसर्गाने आपल्याला ठेवलेली नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही टॉनिकने ती होत नाही.

आता हेडफोनकडे वळू. अमेरिकेतील युटा प्रांतात राहणाऱ्या नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केले आणि १९१० साली ते अमेरिकी नौदलाला पाठवले. बिनतारी संदेश ऐकणे, एवढाच तेव्हा त्यांचा उपयोग होता. दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देऊन संगीत ऐकवणारा स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये आणला. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि हेडफोन घराबाहेर पडला. पन्नाशीतल्या वाचकांना तो नारिंगी फोमचा हलका हेडफोन आठवत असेल. मुंबईहून येणाऱ्या एखाद्या पाहुण्याकडे तो असला की आळीपाळीने ऐकायला रांग लागायची.

आतील यंत्रणा मात्र फारशी बदललेली नाही. कोणताही साधा हेडफोन उघडलात तर त्यात एक लहानसे लोहचुंबक, बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पापुद्रा दिसेल. मोबाईलमधून येणारा विजेचा प्रवाह वेटोळ्यातून वाहतो, प्रवाह बदलेल तसे चुंबकाजवळचे वेटोळे पुढे-मागे होते, त्याबरोबर पापुद्रा हलतो आणि हवेला धक्के देतो. लग्नाच्या मांडवातला कर्णा चालतो त्याच तत्त्वावर हे चालते, फक्त आकार नखाएवढा. काही महागड्या इअरफोनमध्ये वेटोळ्याऐवजी चुंबकांच्या मध्ये तोलून धरलेली एक लवचीक पट्टी हलते. हे तंत्र श्रवणयंत्रातून आलेले आहे. याखेरीज आणखीही एकदोन जाती आहेत, पण त्या संगीताच्या शौकिनांसाठी. कानाच्या दृष्टीने त्यात विशेष फरक नाही.

फरक पडतो तो ही वस्तू कानावर बसते कशी, यामुळे.

वॉकमनसारखे हेडफोन कानावर नुसते टेकतात आणि आजूबाजूचे सगळे ऐकू येत राहते. कानाच्या पाळीच्या खोबणीत अडकवायची जुनी हँड्सफ्रीही त्याच जातीची. तिने नळी बंद होत नाही. मोठे, गादी लावलेले हेडफोन संपूर्ण कान झाकतात. त्यांतही दोन तऱ्हा आहेत. पाठीमागून जाळी असलेले ‘उघडे’ आणि पाठ पूर्ण बंद असलेले ‘बंद’. चौथा प्रकार सध्या सर्वांत जास्त खपतो तो, रबराचे बोंड लावून थेट कानाच्या नळीत बसवायचा. हे बोंड नीट बसले की नळीचे तोंड बंद होते, बाहेरचा गलका बराच कमी होतो आणि ढोलकीसारखे जाड आवाज भरून येतात. बोंड लहान पडले किंवा वाकडे बसले की तोच इअरफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

आम्हा डॉक्टरांना हे रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. स्टेथॉस्कोपची बोंडे कानात घट्ट बसली नाहीत तर छातीतला आवाज अर्धाही ऐकू येत नाही. १९६० च्या दशकात विमानांत प्रवाशांना सिनेमा ऐकण्यासाठी जे कानातले देत, ते स्टेथॉस्कोपसारखे पोकळ नळ्यांचेच असत. विजेचा भाग आसनाच्या हातात आणि नळीतून नुसता आवाज यायचा.

आता मुख्य मुद्दा. माणूस हेडफोनचा आवाज एखादा आकडा ठरवून लावत नाही. बाहेरच्या आवाजाच्या वर गाणे स्पष्ट ऐकू येईपर्यंत वाढवत जातो. रात्री घरी शांततेत ज्या आवाजात गाणे गोड वाटते, ते सकाळी एस.टी.च्या मागच्या बाकावर ऐकूच येत नाही. तिथे इंजिनाची घरघर आणि खिडक्यांचा खडखडाट मिळून ऐंशी डेसिबलच्या आसपास आवाज असणे नवल नाही. मग त्यावर चढ म्हणून गाणे नव्वदच्या पुढे नेले जाते. तासाभराने कान त्याला सरावतो, म्हणजे थोडा बधिर होतो, आणि बोट पुन्हा आवाज वाढवायच्या बटणाकडे जाते.

यावरून ध्यानात येईल की उघड्या प्रकारचा हेडफोन शांत घरात उत्तम. कान कोंडत नाही, कोणी हाक मारली तर कळते, नळीत घामही साचत नाही. तोच बस-रेल्वेत सर्वांत वाईट, कारण बाहेरचा सगळा आवाज आत येतो आणि माणूस त्याच्या वर चढतो. नीट बसणारा बंद प्रकारचा हेडफोन किंवा रबरी बोंडाचा इअरफोन बाहेरचा आवाज साधारण पंधरा ते पंचवीस डेसिबलने कमी करतो. म्हणून प्रवासात, आवाज खाली ठेवण्याच्या अटीवर, तोच बरा. ‘कानाच्या आत जाणारा वाईट आणि बाहेर राहणारा चांगला’ हा सर्वत्र पसरलेला समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. आत जाणाऱ्याचा आवाज पडद्याच्या जवळून येतो हे खरे, पण मोजायचे ते पडद्यावर किती आवाज पोचला ते. अंतर मोजून उपयोग नाही.

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. पूर्वी शेजारी बसलेल्याला मुलाच्या हेडफोनमधली च्यँक-च्यँक ऐकू आली की आवाज जास्त आहे हे कळायचे. रबरी बोंडाच्या इअरफोनमधून बाहेर काही झिरपतच नाही. मुलगा शांतपणे अभ्यास करतो आहे असे आईला वाटते आणि त्याच्या कानात मिरवणुकीतली डॉल्बी चालू असते. त्यामुळे दुसरी परीक्षा करावी. हाताच्या अंतरावर उभे राहून नेहमीच्या आवाजात त्याला नावाने हाक मारा. गाणे चालू असताना त्याला हाक कळली नाही किंवा तो ओरडून उत्तर देऊ लागला, तर आवाज जास्त आहे असे समजावे. अर्थात कंप्युटरवाल्या घरांतून वापरात असलेले, बाहेरचा आवाज कापणारे महागडे हेडफोन या परीक्षेला लागू नाहीत. त्यांच्याकडे पुढे वळू.

त्याआधी एका रुग्णाबद्दल. यंत्रमागावर काम करणारा चोविशीचा तरुण रात्री झोप लागत नाही म्हणून आला. कानात रातकिडे ओरडतात म्हणाला. माग चालू असलेल्या खोलीत आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे असतो. हा पाळीचे आठही तास कानात इअरफोन घालून गाणी ऐकत असे, आणि त्याची पक्की समजूत अशी की त्यामुळे मागाच्या आवाजापासून कानाचे रक्षण होते. इअरफोन बंद ठेवून नुसती बोंडे कानात घातली असती तर काही अंशी झाले असते. पण मागाच्या वर गाणे ऐकायचे म्हणजे आवाज पूर्ण चढवणे आले. काही उपकरणे पूर्ण आवाजावर शंभर डेसिबलच्या पुढे जातात. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले, श्रवणाचा आलेख काढला. चार हजार हर्ट्झच्या जागी दोन्ही कानांत खड्डा होता. आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण.

हा खड्डा रुग्णाला सुरुवातीला जाणवत नाही, कारण बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते नीट ऐकू येतात. बिघडते ते ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या उंच पट्टीतल्या व्यंजनांचे. गिऱ्हाईक ‘साठ’ म्हणते आणि दुकानदार ‘आठ’ ऐकतो. "ऐकू येते हो, पण लोक हल्ली स्पष्ट बोलतच नाहीत," अशी तक्रार करणाऱ्या माणसाचा कान आधी तपासावा. या तरुणाला कामावर फोमचे इअरप्लग वापरायला सांगितले आणि गाणी बंद करायला. रातकिडे थोडे कमी झाले आहेत. आलेखातला खड्डा आहे तसाच आहे, आणि तो तसाच राहणार. तो वाढू नये एवढेच आता हातात आहे.

बाहेरचा आवाज कापणाऱ्या हेडफोनची कल्पना मोठी सुरेख आहे. हेडफोनवर बसवलेला सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरची लहर टिपतो, आतले सर्किट तिच्या नेमकी उलटी लहर तयार करते, आणि जिथे एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा येऊन दोन्ही एकमेकींना मिटवतात. डॉ. अमर बोस हे अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत प्राध्यापक होते. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीमुळे हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून या उपायाचे गणित मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन १९८९ मध्ये विक्रीस आणला. आज ही सोय दोन-तीन हजारांच्या बड्समध्येही मिळू लागली आहे.

ही युक्ती सतत चालणाऱ्या जाड आवाजावर चांगली चालते. बस, विमान, पंप, कुलर यांची घरघर कमी होते. हॉर्न, भांडण, लेकराचे रडणे यांवर ती तितकीशी चालत नाही, कारण हे आवाज क्षणाक्षणाला बदलतात. घरघर गेल्यावर गाणे निम्म्या आवाजात पुरेसे होते, हा तिचा खरा वैद्यकीय फायदा. कोणाकोणाला कान दडपल्यासारखा वाटतो. तो त्रास हेडफोन काढल्यावर जातो. मात्र हा हेडफोन घालून रस्त्याने चालणे, मोटारसायकल चालवणे किंवा रेल्वेचा रूळ ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ. मागून येणाऱ्या ट्रकची घरघर हीच तर हे यंत्र पुसून टाकते.

याच्या अगदी उलट जात म्हणजे हाडातून ऐकवणारा हेडफोन. तो कानात जात नाही. कानापुढे गालाच्या हाडावर टेकतो आणि थरथरतो. ती थरथर कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचते. नवलाचे वाटेल, पण आम्ही नादकाटा वाजवून रुग्णाच्या कानामागच्या हाडावर टेकवतो ती तपासणी याच तत्त्वावर चालते. कान उघडा राहतो, रस्त्यावरचे वाहन ऐकू येते, म्हणून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हा सोयीचा. ज्यांचा कान वाहतो किंवा ज्यांच्या पडद्याला भोक आहे, त्यांच्याही कामाचा. परंतु ‘पडद्याला आवाज लागत नाही, म्हणून कितीही मोठ्याने ऐका’ ही जाहिरातबाजी आहे. केसपेशी त्याच, आणि त्यांच्यावर येणारी लाटही तीच.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूत गाठ होते का, हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. ब्लूटूथची शक्ती काही हजारांश वॅट इतकी अल्प असते, कानाला लावलेल्या मोबाईलच्या मानाने पुष्कळच कमी. अशी गाठ होते याचा भरवशाचा पुरावा नाही. ही काळजी सोडावी आणि आवाजाची करावी.

मळाची मात्र करावी. कानातला मळ आपोआप सरकत बाहेर येत असतो. बोंड तासन् तास आत राहिले की तो मागे ढकलला जातो आणि घट्ट बसतो. मग माणूस आगपेटीची काडी नाहीतर सेफ्टी पिन घेऊन बसतो आणि पडदा फाडून आमच्याकडे येतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बंद ओलसर नळीत बुरशी धरते. कानाला असह्य खाज सुटते, दडा बसतो, कधी काळे-पांढरे दिसते. अशा वेळी तेल सोडू नये. बुरशीला ओल हवीच असते. बोंडे आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळवून लावावीत, आणि एकमेकांची वापरू नयेत. कान वाहत असेल तर नळीत बसणारा इअरफोन वर्ज्य.

आता आवाज आणि वेळ यांचा हिशेब. साधे बोलणे सुमारे साठ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा अशी की ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालतो. मुलांसाठी पंचाहत्तर डेसिबल. हा हिशेब सरळ गुणाकाराचा नाही. दर तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि वेळ निम्म्यावर येतो. नव्वद डेसिबलला आठवड्यात चारच तास उरतात. शंभरला वीस-पंचवीस मिनिटे, आणि तीही रोजची नव्हेत, संपूर्ण आठवड्याची! पगाराप्रमाणे समजा. पहिल्या दिवशीच उधळला तर पुढचे सहा दिवस कोरडे. घरी डेसिबल मोजायचे यंत्र नसते, म्हणून ढोबळ नियम असा की मोबाईलची आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये आणि तासाभराने कान मोकळा ठेवावा. मोबाईल अधूनमधून ‘जास्त आवाजाने कानाला इजा होऊ शकते’ असा इशारा देतो. तो न वाचताच ठीक म्हणून बटण दाबले जाते. तो जाहिरातीचा मजकूर नाही, वाचावा.

गाणी ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजणे, कान भरल्यासारखा वाटणे, आवाज लांबून आल्यासारखे होणे ही केसपेशी दमल्याची लक्षणे. सहसा एक-दोन दिवसांत ती जातात. तेवढे दिवस कानाला पूर्ण विश्रांती द्यावी, वरात-मिरवणूकही टाळावी. वारंवार होऊ लागली किंवा आठवडाभर टिकली, तर तपासून घ्यावे.

एक प्रसंग मात्र थांबण्याचा नाही. सकाळी उठल्यावर किंवा दिवसा अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, मग हेडफोनचा संबंध असो वा नसो, मळ असेल म्हणून तेल-पाणी करत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. यात कधी कधी आतल्या कानाचा किंवा मज्जातंतूचा बिघाड असतो. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितके लवकर तितके गुणकारी ठरतात. महिनाभराने आलेल्या रुग्णासाठी फारसे काही करता येत नाही.

श्रवणाची चाचणी बिनदुखीची असते. शांत खोलीत बसवून कानाला हेडफोनच लावतात, आणि बारीक होत जाणारा सूर ऐकू आला की बटण दाबायचे. वीस-पंचवीस मिनिटांत आलेख हातात येतो. चाचणीच्या आदल्या संध्याकाळपासून मोठा आवाज टाळावा, नाहीतर दमलेल्या कानाचा आलेख निघतो. जाताना आपला नेहमीचा हेडफोन आणि मोबाईल बरोबर न्यावा. आवाजाची पट्टी कुठवर नेता, हे तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे.